एका सरकारी वकिलाची तक्रार आणि मालेगाव २००८ चा खटला

२९ सप्टेंबर २००८. रमजान संपत आला होता आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. मालेगावात अंजुमन चौक ते भिक्कू चौक या रस्त्यावर, शकील गुड्स ट्रान्सपोर्ट कंपनीसमोर, रात्री साडेनऊच्या सुमारास स्फोट झाला. सहा माणसे गेली. त्यांत दहा वर्षांची एक मुलगी होती. जखमींचा आकडा तपासयंत्रणेने १०१ सांगितला होता, न्यायालयाने तो ९५ धरला. जवळपास १७ वर्षांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, मुंबईच्या विशेष न्यायालयाने उभ्या असलेल्या सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

स्फोट कोणी घडवला, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांच्यावर खटला चालला ते आज कायद्याने निर्दोष आहेत आणि तसेच धरून मी लिहितो आहे. विषय आहे तो कठड्यातल्या माणसांचा नाही, त्यांच्या समोर उभ्या असलेल्या बाजूचा, म्हणजे सरकारी बाजूचा. कोणावर आरोप ठेवायचा, कोणत्या कायद्याखाली ठेवायचा, जामिनाला विरोध करायचा की ‘आमची हरकत नाही’ म्हणायचे, हरल्यावर वरच्या न्यायालयात जायचे की गप्प बसायचे, हे सगळे ती बाजू ठरवते. न्यायाधीशासमोर काय येते आणि काय येत नाही, हे त्यावर ठरते. या अधिकाराला विवेकाधिकार म्हणतात. मालेगावच्या खटल्यात तो पुन्हा पुन्हा वापरला गेला, कधी आरोपींच्या विरुद्ध तर कधी बाजूने, आणि बहुतेक वेळा कायद्याच्या चौकटीतच. तरीही आज या खटल्याबद्दल दोन्हीकडच्या लोकांना विचारा, सरकारी बाजूने सचोटीने काम केले असे म्हणणारा माणूस सापडणे कठीण आहे. हे कसे झाले, ते नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला निर्णय: मोक्का

तपास महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाकडे, एटीएसकडे गेला. प्रमुख होते हेमंत करकरे. स्फोटाच्या जागी एका एलएमएल फ्रीडम मोटारसायकलचे अवशेष मिळाले आणि एटीएसने त्या गाडीचा माग प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यापर्यंत नेला. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांना अटक झाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला लष्करातले लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना. ‘अभिनव भारत’ या संघटनेने कट रचला, असे एटीएसचे म्हणणे होते. पुरोहित यांचे म्हणणे असे की, आपण त्या बैठकांना लष्करी गुप्तचर अधिकारी म्हणून, माहिती काढण्यासाठी जात होतो. २६ नोव्हेंबरच्या रात्री करकरे मारले गेले. जानेवारी २००९ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, त्यात १४ नावे होती.

या सगळ्यात सर्वांत वजनदार निर्णय होता तो मोक्का लावण्याचा. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा १९९९ चा, आणि तो आला मुंबईतल्या टोळ्यांना वेसण घालायला. या कायद्याखाली आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, जामीन अवघड होतो, आणि मुख्य म्हणजे पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या फौजदारी कायद्यात पोलिसांसमोरच्या कबुलीला किंमत नसते. म्हणजे मोक्का असेल तर सरकारी बाजूच्या हातात कबुलीजबाब आहेत, नसेल तर ते कागद कोरे. पुढच्या सगळ्या लढाईचे मूळ या एका फरकात आहे.

मोक्का लावायचा तर संघटित टोळी हवी आणि मागच्या दहा वर्षांत तिच्यावर एकाहून अधिक आरोपपत्रे हवीत. इथे ती अट एका आरोपीच्या आधारे पूर्ण केली गेली. परभणी आणि जालना इथल्या जुन्या मशीद-स्फोटांच्या प्रकरणांत त्याला नोव्हेंबर २००८ मध्ये अडकवून आरोपपत्रे दाखल झाली आणि लगोलग त्याच महिन्यात मालेगावच्या प्रकरणाला मोक्का लागला. आरोपींच्या वकिलांनी पहिल्या दिवसापासून यावर बोट ठेवले. जुलै २००९ मध्ये विशेष न्यायालयाने मोक्का काढला, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तो परत लावला. १५ एप्रिल २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तो एक आरोपी वगळता इतरांना मोक्का लागू होतो की नाही याबद्दल गंभीर शंका आहे, त्यांच्या जामिनाचा विचार गुणवत्तेवर करावा.

हे इथे मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण या खटल्याची कहाणी अनेकदा २०१४ पासून सुरू करून सांगितली जाते. ती तिथे सुरू होत नाही. विवेकाधिकार ताणला गेला तो आधी कडकपणाच्या दिशेने. साडेसहा वर्षे माणसे तुरुंगात होती आणि त्यांना जामीन अवघड करणारा कायदाच त्यांना लागू आहे की नाही, हे शेवटपर्यंत नक्की नव्हते. एटीएसच्या कोठडीत छळ झाल्याचे आरोप ठाकूर आणि पुरोहित दोघांनी केले. त्या काळात सत्तेतले नेते जाहीरपणे ‘भगवा दहशतवाद’ म्हणत होते. खटला सुरू व्हायच्या आधीच त्याला राजकीय नाव पडले होते, आणि आरोपींच्या बाजूच्या लोकांच्या मनात अविश्वासाची पहिली गाठ तेव्हा बसली.

दुसऱ्या यंत्रणेकडे, आणि एक तक्रार

एप्रिल २०११ मध्ये तपास एनआयएकडे, राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. सरकारी बाजूची जबाबदारी राज्याकडून केंद्राकडे गेली. विशेष सरकारी वकील मात्र त्याच राहिल्या: रोहिणी सालियन. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांत हे नाव नवखे नव्हते. जे. जे. रुग्णालयातला गोळीबार, मुलुंडचा स्फोट असे मोठे खटले त्यांनी सरकारतर्फे चालवले होते. मालेगावचा खटला २००८ पासून त्यांच्याकडे होता.

जून २०१५ मध्ये त्यांची मुलाखत ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आली. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात अशा. २०१४ मध्ये केंद्रात नवे सरकार आल्यावर एनआयएच्या एका अधिकाऱ्याचा त्यांना फोन आला. फोनवर बोलायचे नाही म्हणून तो प्रत्यक्ष भेटायला आला आणि आरोपींच्या बाबतीत सौम्य धोरण घ्यावे असा निरोप असल्याचे त्याने सांगितले. मग १२ जून २०१५ रोजी, नेहमीच्या एका सुनावणीआधी, तोच अधिकारी आला. वरच्यांची इच्छा आहे की या खटल्यात तुमच्याऐवजी दुसऱ्या वकिलाने उभे राहावे, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी त्यांनी प्रतिज्ञापत्रात त्या अधिकाऱ्याचे नावही दिले. एनआयएने हा आरोप साफ नाकारला.

माझ्या मते या खटल्याचे मध्यबिंदू कोणते, तर ही तक्रार, आणि तिचे पुढे काय झाले ते. पुढे झाले ते इतकेच: आरोप, नकार, आणि मग शांतता. सालियन खरे बोलत होत्या की त्यांचा गैरसमज झाला होता, याचा स्वतंत्र तपास करून निष्कर्ष लोकांसमोर ठेवला गेला नाही. सरकारी वकील हा काही तपासयंत्रणेचा नोकर नसतो. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की, सरकारी वकील तपासयंत्रणेचा भाग नाही, तो स्वतंत्र वैधानिक अधिकारी आहे. अशा अधिकाऱ्याने सांगितले की माझ्यावर दबाव आला, तर ती वृत्तपत्रातली एक बातमी राहत नाही. न्यायालयाच्या कामात कोणी हात घातला का, असा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर ‘हो’ असते तर माणूस शिक्षेला पात्र होता. ‘नाही’ असते तर एनआयएचे नाव स्वच्छ झाले असते. दोन्ही उत्तरे चालली असती. उत्तरच न देणे मात्र पुढे फार महागात पडले.

१३ मे २०१६

अकरा महिन्यांनी एनआयएने पुरवणी आरोपपत्र दाखल केले. त्यात प्रज्ञासिंह ठाकूर आणि आणखी काही जणांवर खटला चालवण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले होते. मोक्का वगळला होता आणि म्हणून त्याखालचे कबुलीजबाबही गेले. मोटारसायकल ठाकूर यांच्या नावावर असली तरी स्फोटाच्या बऱ्याच आधीपासून ती दुसऱ्या, फरार असलेल्या माणसाच्या ताब्यात होती, असे त्यात म्हटले होते. एका आरोपीच्या देवळालीतल्या घरात आरडीएक्सचे अंश सापडले ते एटीएसच्याच माणसाने ठेवले असावेत, असा संशयही एनआयएने नोंदवला. पुरोहित आणि इतरांवर मात्र यूएपीएखाली, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, खटला चालवावा, असे त्यात होते.

यातला प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर त्याला आधार आहे. मोक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वर्षभर आधीच शंका घेतली होती. साक्षीदारांनी एटीएसला दिलेले जबाब एनआयएकडे फिरवले असतील तर ते लपवणे गैर ठरले असते. सरकारी वकिलाचे आणि तपासयंत्रणेचे काम कसेही करून शिक्षा मिळवणे हे नाहीच. पुरावा कमी असेल तर तसे सांगणे हे कर्तव्य आहे, आणि निरपराध माणसावरचा आरोप मागे घेणे हा विवेकाधिकाराचा सर्वांत चांगला वापर आहे. २०१५ ची ती तक्रार नसती, तर १३ मे २०१६ च्या आरोपपत्राकडे अनेकांनी चूक सुधारणारा कागद म्हणून पाहिले असते.

पण तक्रार होती आणि अनुत्तरित होती. त्यामुळे मालेगावातल्या कुटुंबांनी ते आरोपपत्र वाचले ते ‘सौम्य घ्या’ या निरोपाच्या उजेडात. त्यांना तसे वाचू नका म्हणण्याचा अधिकार कोणाला होता? त्यात भर अशी पडली की, सालियन यांच्यानंतर नेमलेल्या विशेष वकिलांनीही हे आरोपपत्र आपल्याला न विचारता दाखल झाल्याचे पत्रकारांना सांगितले. कायद्याने ते विचारणे बंधनकारक नाही. आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेच आहे की, आरोपपत्र कोणावर ठेवायचे हा निर्णय तपास अधिकाऱ्याचा, त्यात सरकारी वकिलाचे मत घ्यायला भाग पाडता येत नाही. पण ज्या खटल्यात आधीच्या वकिलाने दबावाचा आरोप केला आहे, त्या खटल्यात नव्या वकिलालाही वगळून आरोपपत्राची दिशा बदलणे हे कायदेशीर असले तरी शहाणपणाचे नव्हते.

त्याच वसंतात मालेगावचीच दुसरी फाइल बंद झाली होती. ८ सप्टेंबर २००६ च्या, शब-ए-बारातच्या दिवशीच्या स्फोटांसाठी एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना पकडले होते. २०११ मध्ये एनआयएने त्यांच्या जामिनाला हरकत घेतली नाही. २०१३ मध्ये तिने त्याच स्फोटासाठी वेगळ्याच चार जणांवर आरोपपत्र ठेवले. पण २०१६ मध्ये त्या तरुणांना दोषमुक्त करण्याची, म्हणजे खटला चालवण्याआधीच सोडण्याची, वेळ आली तेव्हा तीच एनआयए विरोधाला उभी राहिली. न्यायालयाने तो विरोध मानला नाही आणि २५ एप्रिल २०१६ रोजी त्यांना दोषमुक्त केले. त्यानंतर अठरा दिवसांनी २००८ च्या खटल्यातले पुरवणी आरोपपत्र आले. दोन्ही खटले एका गावाचे आणि यंत्रणाही एकच. एटीएसच्या तपासावर दोन्हीकडे एनआयएनेच प्रश्नचिन्ह लावले होते. त्या प्रश्नचिन्हाचा पूर्ण फायदा मात्र एकीकडे मिळाला, दुसरीकडे नाही. कागदोपत्री याची कारणे वेगळी असतीलही. मोसम नदीच्या काठी यंत्रमागांच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसाला ती कारणे कोणी समजावून सांगितली नाहीत.

ना-हरकत

फौजदारी प्रक्रियेत खटला मागे घेण्याचा एक अधिकृत रस्ता आहे. जुन्या संहितेचे कलम ३२१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०. त्यासाठी सरकारी वकिलाने स्वतः विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. २०२४ च्या जुलैपासून तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती देता येत नाही. म्हणजे पुढच्या दाराला भक्कम कुलूप आहे. पण खटला सैल करायला पुढच्या दाराने जावे लागतच नाही. जामिनाच्या अर्जावर ‘आमची हरकत नाही’ असे एक वाक्य लिहून देता येते. त्या वाक्याला कारण जोडावे लागत नाही, न्यायालयाची परवानगीही लागत नाही.

ठाकूर यांच्या जामिनावर एनआयएने हेच म्हटले. एका मृताच्या वडिलांनी हस्तक्षेप अर्ज करून विरोध केला. थोडे थांबून ते दृश्य डोळ्यांसमोर आणावे असे आहे: सरकारी बाजू आणि आरोपी एकाच बाजूला, आणि विरोध करायला एक बाप. २८ जून २०१६ रोजी विशेष न्यायालयाने, एनआयएची हरकत नसतानाही, जामीन नाकारला. एप्रिल २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तो दिला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरोहित यांनाही दिला. त्या डिसेंबरमध्ये विशेष न्यायालयाने मोक्का काढून टाकला आणि तीन जणांना दोषमुक्त केले. पण ठाकूर यांना सोडायला नकार दिला. एटीएसचे आरोपपत्र आणि एनआयएचे आरोपपत्र दोन्ही एकत्र वाचायला हवेत, पुरवणीने मूळ पुसले जात नाही, हे तत्त्व विनय त्यागी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या अखेरीस घालून दिले होते. तेच इथे कामी आले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सात जणांवर आरोप निश्चित झाले.

न्यायालयांनी इथे जे केले त्याबद्दल मला आदर वाटतो. सरकारी बाजूने मान फिरवली तेव्हा त्यांनी ती आपोआप मानली नाही आणि कागद स्वतः वाचले. पण न्यायालय याच्या पलीकडे फार जाऊ शकत नाही. आरोप निश्चित करणे न्यायाधीशाच्या हातात आहे, पण साक्षीदार उभे करणे, त्यांची उलटतपासणी हाताळणे, हरवलेल्या कागदांच्या मागे लागणे हे त्याच्या हातात नाही. ज्या यंत्रणेने लिहून दिले होते की या व्यक्तीविरुद्ध पुरावा नाही, त्याच यंत्रणेच्या वकिलांना आता त्याच व्यक्तीविरुद्ध खटला चालवायचा होता. बचावाच्या वकिलाने समोरच्या साक्षीदाराला काही विचारायच्या आधीच त्याच्या हातात सरकारी बाजूचा लेखी कबुलीनामा होता.

खटला

डिसेंबर २०१८ मध्ये साक्षी सुरू झाल्या. ३२३ साक्षीदार तपासले गेले. तीसहून अधिक फितूर झाले, म्हणजे आधीच्या जबाबावरून फिरले. काहींनी सांगितले की एटीएसने धमकावून आपल्याकडून नावे वदवून घेतली होती. दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १६४ खाली नोंदलेल्या काही जबाबांच्या मूळ प्रती न्यायालयाच्या दप्तरातून गहाळ झाल्याचे २०१६ मध्येच उघड झाले होते. छायाप्रती चालवाव्यात की नाही यावर बराच काळ वाद चालला. दहा-बारा वर्षांनी साक्ष द्यायला आलेला माणूस काय आठवणार, हा प्रश्नही होताच. दरम्यान २०१९ च्या मे महिन्यात प्रज्ञासिंह ठाकूर भोपाळमधून खासदार झाल्या. केंद्राची यंत्रणा फिर्यादी, आणि आरोपींपैकी एक केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाची खासदार. ठाकूर यांना निवडणूक लढवण्याचा पूर्ण अधिकार होता. पण अशा वेळी फिर्यादी बाजूचे प्रत्येक पाऊल लोक दुप्पट बारकाईने बघणार, हे यंत्रणेने ओळखायला हवे होते. शेवटच्या युक्तिवादात एनआयएने सातही आरोपींना दोषी धरण्याची मागणी केली. म्हणजे ठाकूर यांच्याबाबत सरकारी बाजूने १७ वर्षांत तीन भूमिका घेतल्या: दोषी आहेत, पुरावा नाही, दोषी आहेत. दुसरीवरून तिसरीवर येताना नवे काय सापडले, हे कोणी सांगितले नाही.

न्यायाधीश ए. के. लाहोटी यांनी सर्वांना निर्दोष सोडताना जी कारणे दिली, ती सरकारी बाजूच्या कामाचा पंचनामाच आहेत. बाँब त्या मोटारसायकलवर होता हे सिद्ध झाले नाही. गाडीचा चासी क्रमांक पूर्ण मिळाला नव्हता, त्यामुळे ती ठाकूर यांचीच होती हेही ठरले नाही. घटनास्थळाचा पंचनामा सदोष होता. पुरोहित यांनी आरडीएक्स आणल्याचा किंवा बाँब जोडल्याचा पुरावा नव्हता. यूएपीएखाली खटला चालवायची मंजुरी विचार न करता दिली गेल्याने ती अवैध होती. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांनी बजावले. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

ही कारणे वाचताना लक्षात येते की, यातली निम्मी चूक पहिल्या काही महिन्यांतली, एटीएसच्या आणि गृहखात्याच्या टेबलावरची आहे. पंचनामा २००८ चा, मंजुरी २००९ ची. म्हणून ‘एनआयएने खटला बुडवला’ हे म्हणणे अपुरे आहे आणि ‘एटीएसने खोटा खटला रचला’ हेही. पण मंजुरी सदोष आहे हे २०११ ला तपास हाती घेतल्यावर एनआयएला दिसले नाही का? दिसले तर दुरुस्त करण्याचा प्रयत्न का झाला नाही? पंचनाम्यातले दोष दिसत होते तर २०१६ मध्ये इतरांवर त्याच पंचनाम्यावर खटला पुढे का नेला? सरकारी बाजू एकदा सैल झाली की ती कोणाच्याच कामाची राहत नाही. निरपराध माणूसही १७ वर्षे लटकतो आणि मेलेल्यांच्या घरच्यांना काहीच कळत नाही.

दहा दिवसांतले दोन निकाल

मालेगावच्या निकालाच्या दहा दिवस आधी, २१ जुलै २०२५ ला, मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल रेल्वे स्फोटांतल्या सर्व १२ आरोपींना निर्दोष सोडले होते. त्या खटल्यातही एटीएस होती, मोक्का होता, कबुलीजबाब होते. महाराष्ट्र सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने, सुटलेल्यांना परत तुरुंगात न पाठवता, तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. मालेगावच्या निकालाचे मात्र मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी जाहीर स्वागत केले.

दोन्ही प्रकरणांत कायदेशीर फरक आहेत. रेल्वे स्फोटांचे अपील राज्याचे होते, मालेगावची फिर्यादी बाजू केंद्राची. एकात खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली होती, दुसऱ्यात नाही. पुरावाही वेगळा. पण अपील करायचे की नाही हा विवेकाधिकाराचा शेवटचा टप्पा आहे आणि तो लोकांना सगळ्यात सहज दिसतो. इथे कायद्याची पुस्तके वाचावी लागत नाहीत, फक्त तारखा मोजाव्या लागतात. एकीकडे एक दिवस. दुसरीकडे, कुटुंबीय सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतः उच्च न्यायालयात गेले तेव्हा एनआयएचे अपील आलेले नव्हते. अपील न करण्याचा निर्णय पुरावा पाहून घेतला असेल, तर तो बरोबरही असू शकतो. मग दोन पानांत कारणे लिहून ती जाहीर करायला अडचण काय होती? आपल्याकडे अशी कारणे जाहीर करण्याचे बंधन सरकारी बाजूवर नाही. माझ्या मते नव्या संहितेत अभियोग संचालनालयाच्या, म्हणजे सरकारी वकिलांवर देखरेख करणाऱ्या खात्याच्या, तरतुदी विस्तारल्या तेव्हा ते बंधन घालायला हवे होते. खटला मागे घेताना पीडिताला ऐकायचे असेल, तर ना-हरकत देताना आणि अपील सोडताना का नाही?

पीडिताला निर्दोष मुक्ततेविरुद्ध स्वतःहून अपील करता येते, हा अधिकार त्यांना २००९ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे मिळाला. मालेगावच्या सहा घरांमधल्या माणसांनी तोच वापरला. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील ऐकायला घेतले आणि नोटिसा काढल्या. निर्दोष सुटलेल्या सात जणांना नोटीस गेली, आणि त्यांच्याच रांगेत, प्रतिवादी म्हणून, एनआयएलाही.